जिनिंग कारखान्यासाठी सुरक्षा-सल्लागार : निवड, करार व उपयोग

विदर्भ, मराठवाडा व खानदेश या कापूस-भागांत शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था व शेतकरी उत्पादक कंपन्या कापूस विकून थांबत नाहीत. त्यांपैकी काहींनी सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे काम स्वतःकडे घेतले आहे. हा उद्योग शेतकऱ्याच्या हिताचा आहे. परंतु जिन सुरू केल्याबरोबर शेतकऱ्याची भूमिका बदलते. काल जो कापूस उत्पादक होता, तो आज यंत्राचा मालक होतो, आणि त्या यंत्रासमोर उभ्या राहणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या हातापायांची व प्राणांची जबाबदारी त्याच्यावर येते. ही जबाबदारी कशी पार पाडावी, हे संचालक मंडळातील बहुतेकांस कोणी शिकविलेले नसते. अशा वेळी बाहेरच्या जाणकाराचा, म्हणजे सुरक्षा-सल्लागाराचा सल्ला घेणे इष्ट ठरते. असा सल्लागार कसा निवडावा, त्याच्याशी करार कसा करावा आणि त्याच्याकडून काम कसे करून घ्यावे, याची माहिती या पाठात दिली आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

आपल्या देशात कारखान्यांसंबंधीचा पहिला कायदा १८८१ साली झाला. तो यंत्रशक्तीवर चालणाऱ्या व शंभर किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या कारखान्यांपुरताच होता. शिवाय वर्षात एकूण चार महिन्यांपेक्षा कमी काळ चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. जिनिंगचे काम हंगामी असल्यामुळे अनेक जिन या कायद्याच्या कक्षेबाहेर राहू शकत होते. पुढे १८८४ साली ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत एक मागणी अपघाताविषयीची होती. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत मजुरी मिळावी आणि कायमचा निकामी झालेल्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, असे ते म्हणणे होते. यंत्राने केलेल्या इजेचा भार एकट्या मजुराने सोसू नये, हा विचार महाराष्ट्रात इतका जुना आहे.

स्वातंत्र्यानंतर कारखाना अधिनियम, १९४८ अमलात आला. या कायद्याने कापूस दाबण्याच्या कारखान्यातील कापूस उघडणाऱ्या यंत्राच्या भागात स्त्रिया व बालके यांना काम देण्यास मनाई केली होती. यंत्राचे दोन्ही भाग भिंतीने वेगळे केलेले असल्यास तेवढी मोकळीक होती. या यंत्रांचा धोका विधिमंडळाने किती गंभीर मानला होता, हे त्यावरून दिसून येते.

या अधिनियमाची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. या संहितेनुसार यंत्रशक्ती वापरली जात असल्यास २० किंवा अधिक आणि वापरली जात नसल्यास ४० किंवा अधिक कामगार असलेली जागा ‘कारखाना’ ठरते. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेसही संहितेतील सर्वसाधारण कर्तव्ये लागू होतात. स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामांवर घेता येते. परंतु त्यांच्या सुरक्षिततेची व्यवस्था करण्याचे बंधन मालकावर आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पूर्ण वेळ सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती संहितेने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यावर, व धोकादायक प्रक्रिया चालत असल्यास २५० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यावर ठेवली आहे. गावाजवळचा जिन सहसा या संख्येपर्यंत पोहोचत नाही. यावरून काही संचालकांचा असा समज होतो की, अधिकारी नेमण्याची सक्ती नाही, म्हणजे सुरक्षिततेची सक्ती नाही. हा समज चुकीचा आहे. लहान कारखान्याला अधिकारी नेमण्यातून सूट मिळाली आहे, कर्तव्यातून नाही. पगारी अधिकारी नसल्यामुळे त्याचे काम कोणीतरी करणे भागच आहे, आणि सल्लागाराची गरज नेमकी येथे उत्पन्न होते.

जबाबदारी कोणाची?

कायद्याच्या भाषेत कारखान्यावर अंतिम नियंत्रण असणाऱ्यास ‘भोगवटादार’ म्हणतात. कंपनी असल्यास तिचा एखादा संचालक भोगवटादार मानला जातो. शेतकरी उत्पादक कंपनीत हा संचालक शेतकरीच असतो. मालकाने कर्तव्यात कसूर केल्यामुळे कामगाराचा मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गंभीर शारीरिक इजा झाल्यास एक वर्षापर्यंत कारावास, किंवा दोन ते चार लाख रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दंडाच्या रकमेपैकी निदान निम्मी रक्कम जखमीस किंवा मृताच्या वारसांस देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

सल्लागार नेमल्याने ही जबाबदारी त्याच्या खांद्यावर जात नाही. वैद्याने औषध लिहून दिले तरी ते घेणे रोग्याच्याच हाती असते, तसेच हे आहे. सल्लागार धोका दाखवील व उपाय सुचवील. परंतु यंत्रावर जाळी बसविण्याचा खर्च मंजूर करणे, मुकादमाला ताकीद देणे आणि वेळ पडल्यास जिन बंद ठेवणे हे संचालक मंडळाचेच काम आहे. जो सल्लागार ‘तुम्ही निश्चिंत राहा, कागदपत्रांचे मी पाहून घेतो’ असे सांगतो, तो संस्थेला खोट्या भरवशावर ठेवतो.

जिनमधील धोक्याची ठिकाणे

सल्लागाराची पारख करावयाची तर कारखान्यात धोका कोठे असतो याची ढोबळ माहिती संचालकांनाही हवी. ती पुढीलप्रमाणे आहे.

रोलर व सुरी. डबल रोलर जिनमध्ये चामड्याचे दोन रोलर फिरत असतात व सुऱ्यांच्या साहाय्याने रुई सरकीपासून वेगळी होते. रोलरला कचरा किंवा ओला कापूस गुंडाळला म्हणजे मजूर तो चालू यंत्रातच हाताने ओढू पाहतो. बोटे जाण्याचे हे मुख्य कारण होय.

पट्टे, कप्प्या व दंड. उघड्या फिरत्या दंडात पदर, वेणी, उपरण्याचे टोक किंवा सैल बाही अडकते व माणूस क्षणात ओढला जातो. यावर जाळीचे पक्के आच्छादन हाच उपाय आहे. अंगाशी बसणारा कोट व डोक्याला बांधलेला रुमाल हे त्याला पूरक होत.

सरकी वाहून नेणारा स्क्रू. अनेक ठिकाणी तो जमिनीतील चरात बसविलेला असतो. साफसफाईसाठी त्यावरील झाकण काढले जाते व पुन्हा ठेवण्याचे राहून जाते. सरकीने झाकलेल्या त्या उघड्या भागात पाय पडल्यास तो निकामी होतो.

गाठींचा दाबयंत्र-विभाग. दाबयंत्राची दारे, लोखंडी पट्ट्या व दाबाखालील तेलाच्या नळ्या यांपासून इजा होते. एका गाठीचे वजन सुमारे १७० किलोग्रॅम असते. थप्पी तिरकी रचली गेल्यास गाठ हमालाच्या अंगावर येते.

आग. कापसात आलेला दगड किंवा लोखंडाचा तुकडा यंत्राच्या पोलादावर आदळून ठिणगी पडते. तापलेले बेअरिंग, सैल विद्युत जोडणी, विडी आणि कापूस घेऊन आलेल्या वाहनाच्या धुराड्यातील ठिणगी ही आणखी कारणे होत. रुईची आग पृष्ठभागावरून झपाट्याने पसरते. गाठीच्या पोटात मात्र ती कित्येक दिवस धुमसत राहू शकते. म्हणून आगीतून काढलेली गाठ गोदामात परत न ठेवता दूर उघड्यावर वेगळी ठेवावी लागते.

धूळ. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेल्यास फुप्फुसाचा विकार जडतो. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती जड वाटणे हे त्याचे आरंभीचे लक्षण असते. क्रोम-चामड्याच्या रोलरना खाचा पाडताना उडणाऱ्या भुकटीत क्रोमियम असते, तेही शरीरास घातक आहे. यास्तव केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने क्रोमविरहित रोलर विकसित केले आहेत.

सल्लागाराची निवड

सल्लागार ठरविण्यापूर्वी संस्थेने निदान दोन-तीन जणांशी प्रत्यक्ष बोलावे व पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. शिक्षण व अनुभव. अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका आणि औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका ही सर्वसाधारण अपेक्षा होय. मूळ प्रमाणपत्रे पाहावीत. त्याने औषधांच्या किंवा मोटारींच्या कारखान्यात काम केले असेल, पण जिन पाहिला नसेल, तर त्यास एक दिवस चालू कारखान्यात फिरवून मगच निर्णय घ्यावा.

२. पूर्वीचे काम. त्याने ज्या कारखान्यांना सल्ला दिला, त्यांपैकी दोन कारखान्यांना भेट द्यावी. तेथे त्याचा अहवाल कपाटात आहे की त्याने सुचविलेली जाळी यंत्रावर आहे, हे डोळ्यांनी पाहावे. व्यवस्थापकाप्रमाणेच तेथील फिटरलाही विचारावे.

३. भाषा. हंगामात काही मजूर बाहेरच्या जिल्ह्यांतून व शेजारच्या राज्यांतून येतात. त्यांना समजेल अशा भाषेत बोलता न येणारा सल्लागार निम्मेच काम करू शकतो.

४. हितसंबंध. जो माणूस आग विझविण्याची नळकांडी, मुखपट्ट्या किंवा जाळ्या विकतो, तोच सल्लागार असल्यास त्याच्या शिफारशीत विक्रीचा हेतू मिसळण्याची भीती असते. सल्ला एकाकडून घ्यावा व खरेदी स्वतंत्र दरपत्रके मागवून करावी.

५. अधिकाराची मर्यादा. दाबाखालील भांडी, उचलण्याची साधने इत्यादींची तपासणी करून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार कायद्याने मान्य केलेल्या ‘सक्षम व्यक्ती’सच असतो. प्रत्येक सल्लागार सक्षम व्यक्ती असतोच असे नाही. असल्यास कोणत्या साधनांपुरता व कोणत्या मुदतीपर्यंत, हे लेखी मागावे.

याखेरीज एक सोपी परीक्षा आहे. ‘आमच्या कारखान्याचा अहवाल केव्हा द्याल?’ असे त्यास विचारावे. कारखाना न पाहताच जो तयार नमुन्यावर सही करण्यास राजी होतो, तो कितीही स्वस्त पडला तरी नाकारावा. अपघात झाल्यावर असा कागद संस्थेस वाचवीत नाही. उलट, धोका ठाऊक करून घेण्याची संधी असून ती घेतली नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

करारपत्र

तोंडी ठरावावर काम सोपवू नये. करारपत्र दोन पानांचे असले तरी चालेल, पण त्यात पुढील बाबी स्पष्ट असाव्यात : कोणत्या इमारती, यंत्रे व कामे पाहावयाची, किती भेटी द्यावयाच्या व केव्हा, अहवाल मराठीत व किती दिवसांत द्यावयाचा, मजुरांना किती वेळा शिकवावयाचे, प्राण जाण्याजोगा धोका दिसल्यास अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी लेखी कळवावयाचे, आणि कायद्याचा आधार देताना कलम, नियम व त्याचा दिनांक लिहावयाचा. जुन्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली असल्यामुळे ही शेवटची अट विशेष अगत्याची आहे. रद्द झालेल्या कायद्याच्या आधारे तयार केलेले नमुने अजूनही काही जणांच्या संग्रही असतात.

भेटींच्या वेळा कारखान्याच्या हंगामाप्रमाणे बांधून घ्याव्यात. पहिली भेट हंगाम संपण्यापूर्वी, यंत्रे चालू असताना व्हावी. बंद जिनमध्ये धोका दिसत नाही. पावसाळ्यात कारखाना थंड असतो, त्या काळात आच्छादने, जोडण्या व जिने यांची दुरुस्ती करून घ्यावी. दुसरी भेट नव्या हंगामाच्या चाचणी-चालनाच्या दिवशी व तिसरी हंगाम भरात आल्यावर, शक्यतो रात्रपाळीत असावी. दिवसा दिसणारी शिस्त रात्रीही टिकते काय, हे त्याशिवाय कळत नाही.

मेहनताना तीन हप्त्यांत द्यावा : एक करार होताना, दुसरा अहवाल मिळाल्यावर व तिसरा शेवटच्या भेटीनंतर. सर्व रक्कम अहवालाच्या वेळी दिली गेल्यास पुढील भेटी लांबणीवर पडतात.

पाहणीचा दिवस

पाहणीच्या दिवशी कारखाना नेहमीप्रमाणेच चालू ठेवावा. त्या दिवसापुरती झाडलोट करून व अनुभवी मजूर पुढे उभे करून संस्था स्वतःलाच फसविते. ठेकेदारामार्फत आलेले हमाल, गाडीवाले व झाडूकाम करणाऱ्या स्त्रिया यांना त्या दिवशी सुट्टी देऊ नये. कामावर असणाऱ्या सर्वांची खरी संख्या सल्लागारापुढे मांडावी. मजुरांची लहान मुले कापसाच्या ढिगावर खेळत असल्यास तेही त्यास दिसू द्यावे व मुलांसाठी यंत्रांपासून दूर सावलीची जागा करावी. पन्नासाहून अधिक कामगार असल्यास पाळणाघराची तरतूद कायद्यातच आहे.

सल्लागाराने मजुरांशी मुकादमाच्या गैरहजेरीत बोलणे जरूर आहे. समजा, जिनसमोर उभ्या असलेल्या एका मजूर स्त्रीस त्याने विचारले, ‘बाई, रोलरात कचरा अडकला म्हणजे तुम्ही काय करता?’ आणि ती म्हणाली, ‘काय करा लागते साहेब, हातानंच काढतो. मशीन बंद केली तं माल तुंबते अन् मुकादम कावते.’ या एका उत्तरात अपघाताचे पुरे कारण आले आहे. रोलरवर जाळी बसविली आणि मुकादमाचा धाक तसाच राहिला, तर ती जाळी आठवडाभरात काढून ठेवली जाईल. म्हणून येथे तीन उपाय एकत्र केले पाहिजेत : हाताशी येईल असे बंद करण्याचे बटण, कचरा काढण्यासाठी लांब दांड्याचा आकडा, आणि यंत्र थांबविणाऱ्या मजुरास कोणी बोल लावू नये असा मंडळाचा लेखी आदेश. कारण जाणणारा सल्लागार आणि केवळ जाळीची शिफारस करणारा सल्लागार यांतील फरक असा दिसून येतो.

कुलपाचा नियम

यंत्राच्या पोटात हात घालण्यापूर्वी ते थांबविणे पुरेसे नसते. फिटर आत काम करीत असताना दुसऱ्या कोणी अजाणता कळ दाबल्यास घात होतो. याकरिता वीज तोडणाऱ्या मुख्य कळीस कुलूप लावावे, त्यावर ‘माणूस कामावर आहे’ अशी पाटी टांगावी, आणि किल्ली आत काम करणाऱ्याच्याच खिशात ठेवावी. दोन माणसे काम करीत असल्यास कुलपे दोन लावावीत. या व्यवस्थेस कुलूप, पाटी व थोडी शिस्त यांपलीकडे काही लागत नाही. सल्लागाराने पहिल्याच भेटीत हा नियम कारखान्यात सुरू करून द्यावा व प्रत्येक फिटरकडून तो करवून पाहावा.

अहवालाचे काय करावे?

चांगल्या अहवालात धोक्यांची यादी तीन वर्गांत विभागलेली असते. पहिल्या वर्गात प्राण किंवा अवयव जाण्याजोगे धोके येतात. उघडा स्क्रू, आच्छादन नसलेला दंड, उघड्या तारा हे त्यांत मोडतात. त्यांचा बंदोबस्त होईपर्यंत ते यंत्र बंद ठेवावे. दुसऱ्या वर्गातील कामे पंधरा दिवसांत पुरी करावीत. गाठींच्या थप्प्या, वाटा मोकळ्या ठेवणे, आग विझविण्याची साधने व त्यांची कवायत ही कामे या वर्गातील आहेत. तिसऱ्या वर्गात धूळ ओढून घेणारी व्यवस्था, लोहचुंबकाची योजना, रोलर बदलणे अशी खर्चाची कामे असतात. ती पुढील हंगामापूर्वी करावयाची म्हणून अंदाजपत्रकात धरावीत.

पहिल्या वर्गाच्या वेळीच मंडळाची खरी कसोटी लागते. हंगाम भरात असतो, आवारात कापसाच्या गाड्या उभ्या असतात, भाव उतरण्याची भीती असते, आणि सल्लागार म्हणतो की, दोन जिन आज बंद ठेवा. त्या वेळी ‘एवढा आठवडा जाऊ द्या’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु धोका लेखी कळविल्यानंतर जो आठवडा जातो, तोच कायद्याच्या व नीतीच्या दृष्टीने सर्वांत जड असतो. तोपर्यंत मंडळाला धोका माहीत नव्हता असे कदाचित म्हणता येईल. त्यानंतर तसे म्हणता येत नाही. थांबलेल्या जिनचे नुकसान काही दिवसांत भरून निघते. गेलेला हात परत येत नाही, आणि तो हात बहुधा सभासदाच्याच गावातील कोणाचा तरी असतो.

अहवालावर मंडळाच्या सभेत चर्चा करून प्रत्येक शिफारशीसमोर तीन गोष्टी लिहाव्यात : काम कोण करणार, केव्हापर्यंत करणार आणि पैसा कोठून येणार. एखादी शिफारस मान्य नसल्यास तिचे कारण व तिच्याऐवजी केलेला उपाय इतिवृत्तात नोंदवावा. अहवालाचा सोपा गोषवारा मजुरांस वाचून दाखवावा. सुरक्षिततेविषयी माहिती मिळणे हा कामगाराचा हक्क संहितेने मान्य केला आहे.

किरकोळ अपघातांचीही वही ठेवावी. खरचटणे, पदर अडकून सुटणे, कोपऱ्यात लागलेली व लगेच विझविलेली आग या नोंदी मोठ्या अपघाताची आगाऊ सूचना देतात. मृत्यू झाल्यास किंवा इजेमुळे कामगार ४८ तास अथवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही तर, त्याची सूचना अधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. इजा लपविण्याचा सल्ला देणाऱ्यास सल्लागार म्हणून ठेवू नये.

शासकीय साहाय्य

खासगी सल्लागाराकडे जाण्यापूर्वी किंवा त्याच्या जोडीला शासकीय संस्थांचा लाभ घ्यावा. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय हे या विषयाचे खाते आहे. नव्या संहितेने निरीक्षकावर तपासणीबरोबरच मालक व कामगार यांना कायद्याचे पालन कसे करावे याची माहिती व सल्ला देण्याचे कामही सोपविले आहे. निरीक्षक आला म्हणजे फाटक बंद करण्याचे कारण नाही. आपली अडचण त्याच्यापुढे मांडावी. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे. तसेच १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतर्फे प्रशिक्षणवर्ग चालविले जातात. जिनच्या यंत्रांविषयी नागपूर येथील जिनिंग प्रशिक्षण केंद्र उपयोगी पडते. संस्थेचा एक फिटर व एक मुकादम प्रशिक्षणासाठी पाठविल्यास सल्लागार गेल्यावरही त्याचे काम चालू राहते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने सुरक्षा-सल्लागार होण्याचा प्रयत्न करू नये. मात्र तो चार कामे करू शकतो. हंगामापूर्वीच्या सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आणावा. सल्लागाराच्या निवडीचे प्रश्न संचालकांना वाचून दाखवावेत. शेतकऱ्यांना कापसातील दगड, खिळे व तारा वेचून काढण्यास सांगावे, कारण कारखान्यातील आगीचा आरंभ कित्येकदा शेतातल्या खळ्यावर झालेला असतो. आणि अहवालानंतर एका महिन्याने कारखान्यात जाऊन पहिल्या वर्गातील किती कामे पुरी झाली, एवढे विचारावे. बाहेरच्या माणसाने आपुलकीने विचारलेल्या या प्रश्नाने पुष्कळ रेंगाळलेली कामे मार्गी लागतात.

तात्पर्य

सुरक्षा-सल्लागारावरील खर्च हा कागद विकत घेण्याचा खर्च नव्हे. जे धोके नित्याच्या सवयीमुळे दिसेनासे झाले आहेत, ते दाखविणारी नजर त्या खर्चातून मिळवावयाची असते. कारखाना पाहणारा, मजुरांशी बोलणारा, विक्रीत हितसंबंध नसलेला आणि अप्रिय गोष्ट लेखी सांगणारा सल्लागार निवडावा. काम लेखी करारावर द्यावे. त्याने दाखविलेला जिवावरचा धोका दूर होईपर्यंत यंत्र बंद ठेवावे. एवढे केल्यास कायद्याचे पालन आपोआप साधते, आणि पहाटे कामावर आलेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी परततो.

उजळणीसाठी प्रश्न

१. आपल्या संस्थेच्या कारखान्यात सर्व पाळ्या व ठेकेदाराची माणसे धरून किती जण काम करतात?
२. कारखान्याचा भोगवटादार कोण आहे, व त्यास आपली जबाबदारी माहीत आहे काय?
३. रोलरात कचरा अडकल्यास मजूर काय करतात? यंत्र थांबविणाऱ्यास कोणी रागावते काय?
४. दुरुस्तीच्या वेळी मुख्य कळीस कुलूप लावले जाते काय, व किल्ली कोणाजवळ असते?
५. मागील हंगामातील सुरक्षा-अहवालातील कोणती शिफारस अजून अपुरी आहे, व ती का?